चपला आणि फोन बाहेर

भिलाई-३ मधल्या त्या घरी मी खोली बघायला गेले, तेव्हा दाराच्या चौकटीशेजारी दोन खिळे होते. एकाला छत्री आणि दुसऱ्याला खाकी कापडाची पिशवी. चपला काढून मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अन् फोन?"

मला काही कळलं नाही. मी तशीच उभी राहिले.

"फोन त्या पिशवीत टाक. चपला अन् फोन बाहेर. मंग घरात."

आवाज अंगणाकडच्या दारातून येत होता. तिथे एक उंच, हडकुळे गृहस्थ जमिनीवर बसले होते. समोर खाटेचा नुसता लाकडी सांगाडा, पायाच्या अंगठ्यात अडकवलेली सुताची दोरी आणि तोंडात दोरीचं दुसरं टोक. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी फोन पिशवीत टाकला आणि आत गेले. तेव्हा कुठे त्यांनी तोंडातली दोरी काढली.

"काय करते?"

"जामुलला एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. रक्त तपासते."

"ते मशीन तपासते. तुले काय येते?"

मला राग आला. मी म्हणाले, स्वयंपाक येतो. तो सगळ्यांनाच येतो, दुसरं सांग, असं त्यांनी ऐकवलं. मी विचार करू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच काही सुचत नाहीये. शेवटी मी म्हणाले, "लहानपणी ठिपक्यांची रांगोळी यायची."

"मंग ये राहायले. वरची खोली हाय. टीव्ही आणला तर त्याचा आवाज जिन्याच्या खाली येऊ द्यायचा नाही. बस."

भाडं त्यांच्या बायकोने, काकूंनी ठरवलं. काकांनी त्यात तोंड घातलं नाही.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आयुष्यभर ओव्हरहेड क्रेन चालवून निवृत्त झालेले. छताखाली टांगलेल्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या खुणांवर टनावारी वजन उचलायचं, ठेवायचं. ते म्हणायचे, "वरून सगळं दिसते असं वाटते. पण खालच्याचा हात पायल्याबिगर हुक हलवायचा नाही. वरच्याले दिसते, समजत नाही." निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना चैन पडत नसे. जेवताना ताटाजवळ डावा हात आपोआप मागे-पुढे होई, जणू तिथे लिव्हरच आहे.

मी राहायला गेले तोवर त्यांचे बरेच छंद होऊन गेले होते. चिमण्यांसाठी खोकी करून झाली होती. त्यांत एकही चिमणी आली नाही, मुंग्या मात्र आल्या. बासरी शिकून झाली होती. तिच्यापायी मागच्या घरातल्या बाळंतिणीने निरोप पाठवला होता. कॅरमचा बोर्ड अजून होता, पण हरले की ते सोंगट्या उचलून ठेवत आणि पुढचे काही दिवस खेळायचं नाव काढत नसत. टिकलं ते खाट विणणं. आसपासच्या वस्तीतल्या जुन्या खाटा ते मागून आणत, उसवत आणि नव्याने विणून परत पोचवत. हा माणूस कुणी संत होता असं कुणाला वाटायला नको. फार तिरसट होता. विणताना कुणी मध्ये बोललं तर ते सगळी ओळ उसवून परत सुरू करत आणि ती उसवलेली दोरी बोलणाऱ्याच्या अंगावर टाकत.

एकदा काकूंचे भाऊ गोंदियाहून आले. मोठे कंत्राटदार होते, फोन पिशवीत टाकायला तयार होईनात.

"भाऊजी, माझी साइट चालू आहे. फोन ठेवता येत नाही."

"मंग व्हरांड्यात बसा."

"मी पाव्हणा आहे का कोण आहे?"

"पाव्हणेच आहात. म्हणूनच मी पन बसतो तुमच्यासंग."

आणि खरोखरच काकांनी दोन पाट व्हरांड्यात टाकले आणि मेव्हण्याशेजारी जेवायला बसले. काकू आतून ताटं आणत होत्या आणि रडत होत्या. भाऊ जेवले, पण पुन्हा त्या घरी आले नाहीत. काकांना वाईट वाटलं असावं. पण पिशवी खिळ्यावरून निघाली नाही.

बातम्या सांगणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारत. समोर राहणारे गुप्ताजी रोज सकाळी फाटकावर उभे राहून काही ना काही सांगायचे. अमक्या शहरात दंगा झाला, तमका नेता पळाला, अमक्या भाजीत विष निघालं.

"तुम्ही सोता पायलं का?" काका मराठीतच विचारत.

गुप्ताजींना एवढं मराठी कळायचं. "अरे भैया, टीव्ही पे दिखा रहे थे।"

"मंग टीव्हीले सांगा. मले कावून सांगता?"

घरात फोन फक्त काकूंचा होता. त्याला पिशवीतून सूट होती. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत आखातात वेल्डर होता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. काकूंना त्या फोनमधलं हिरवं बटण तेवढं कळायचं. फोन वाजला की काका उठून अंगणात जात आणि खाटेपाशी बसत. मी जिन्यावरून पुष्कळदा पाहिलं आहे, ते विणायला बसत पण विणत नसत. दोरी हातात धरून नुसते बसत. काकूंचं बोलणं संपलं की मगच दोरी चालू होई. मुलाशी ते कधी बोलले नाहीत. मुलानेही कधी त्यांना बोलवायला सांगितलं नाही.

त्यामागचं कारण काकूंनी मला एका दुपारी सांगितलं. आम्ही दोघी जिन्यात वाटाणे सोलत बसलो होतो.

"रिटायर झाल्यावर दिवसभर टीव्ही," त्या म्हणाल्या. "सकायी उठले का बातम्या. रिमोट खिशात. न्हाणीत जाताना आवाज वाढवून जाय, म्हणजे आत ऐकू आलं पायजे. ते चॅनलवाले भांडत, अन् हे इथून त्यायले शिव्या देत. बीपी वाढलं, झोप गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यासंग भांडणं. मी म्हणो, तुम्ही त्यायच्याकडून कावून भांडता? ते तुम्हाले ओळखत तरी हाय का?"

मग त्यांनी पुढची शेंग हातात घेतली.

"त्या दिवशी प्रशांत जेवत होता. म्हणाला, बाबा, बंद करा न, दोन घास सुखानं खाऊ द्या. यायनं काही म्हटलं, त्यानं काही म्हटलं. अन् यायनं उठून त्याच्या थोबाडीत मारली. जवान पोरगा. भरल्या ताटावर."

"पण कशावरून?"

"मले आठवत नाही. त्यायलेही आठवत नाही. टीव्हीत काहीतरी चालू होतं."

बाहेर नोकरीचं बोलणं आधीपासून चाललं होतं. प्रशांतचं जायचं मन नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने होकार कळवला. निघताना आईच्या पाया पडला आणि बापासमोरून निघून गेला. काका स्टेशनवर गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी टीव्ही सायकलच्या कॅरियरला बांधला, भंगारवाल्याकडे नेऊन टाकला, आणि येताना सुताच्या दोरीचं बंडल घेऊन आले.

"मी कधी विचारलं नाही," काकू म्हणाल्या, "का दोरी कावून आणली."

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता आखातात लढाई पेटली.

पहिल्या दिवशी प्रशांतचा फोन आला. मी बरा आहो, आमचं शहर दूर आहे, काळजी करू नको, म्हणाला. दुसऱ्या दिवशी विमानतळ बंद झाले. त्यानंतर फोन लागेना. काकू हिरवं बटण दाबायच्या, कानाला लावायच्या, ठेवायच्या आणि परत दाबायच्या.

संध्याकाळी मी लॅबमधून आले की त्या वर यायच्या. हातात तांदळाचं ताट असायचं, निवडायला. "थोडा लाव न," म्हणायच्या. मी आवाज अगदी बारीक करून माझा छोटा टीव्ही लावायची. पडद्यावर नकाशे, बाण, लाल गोल, आकाशात उडणाऱ्या ठिणग्या. प्रशांतच्या शहराचं नाव आलं की काकूंचं बोट तांदळात थांबायचं. काका खाली अंगणात असायचे. आपली बायको ताट घेऊन वर कशाला जाते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते तिला अडवत नव्हते, आणि तिच्याशी बोलतही नव्हते.

त्या दिवसांत त्यांनी सगळ्या वस्तीच्या खाटा आणल्या. अंगणात भिंतीला टेकवून सांगाडे उभे असायचे, कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. नवी विणलेली खाट ते दुसऱ्या दिवशी उसवायचे आणि परत विणायचे. वीण इतकी ताठ बसायची की बोटाने टिचकी मारली तर आवाज यायचा. बोटं फाटली होती. चिंध्या बांधून ते विणत होते.

एका सकाळी गुप्ताजी फाटकाशी आले. "भैया, प्रशांत वहीं है न? अभी दिखा रहे हैं, पूरा शहर जल रहा है।"

मी जिन्यावर होते. मला वाटलं, आता काका आपला नेहमीचा प्रश्न विचारणार. त्यांनी विचारला नाही. ते उभे राहिले आणि हिंदीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "जाइए। घर जाइए आप।"

गुप्ताजी गेले. काका परत बसले, पण त्यांना दोरीचं टोक सापडेना. मी खाली जाऊन ते शोधून दिलं.

"काका, तुम्हाला काळजी नाही का वाटत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.

"करून राहिलो न काळजी," ते म्हणाले. "दिसत नाही का तुले?"

शनिवारी माझा अर्धा दिवस असे. दुपारी मी आले तर काकू आधीच जिन्यावर बसून माझी वाट पाहत होत्या. मी टीव्ही लावला, आणि पहिलंच चित्र आगीचं आलं. काळा धूर, मोठाल्या टाक्या, पळणारी माणसं. खाली प्रशांतच्या शहराचं नाव. निवेदक ओरडत होता की जवळच भारतीय कामगारांचा कॅम्प आहे आणि तिथल्या लोकांचा संपर्क तुटला आहे.

काकूंच्या मांडीवरून ताट पडलं. स्टीलचं ताट फरशीवर घुमत राहिलं आणि तांदूळ खोलीभर पसरले. त्या ओरडल्या नाहीत. मी त्यांना धरलं. अंग गार पडलं होतं. मी दारात जाऊन हाक मारली, "काका!"

जिना त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरून चढला. मी तिथे राहायला आल्यापासून ते कधी वर आले नव्हते. दारात येऊन थांबले. मी टीव्ही बंद करायला रिमोटकडे हात नेला.

"हात लावू नको!" काकू किंचाळल्या. इतका मोठा आवाज त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही जा खाली. जा, विणा तुमची खाट. तुमच्यापायी गेला तो. तुमच्या हातानं गेला."

टीव्हीवर निवेदक ओरडतच होता. काका दारात उभे होते. मला वाटलं हे आता एक तर काहीतरी फेकतील, नाही तर मुकाट्याने जिना उतरतील. मग ते आत आले, तांदळावरून पाय ओढत, आणि काकूंशेजारी फरशीवर बसले. तोंड टीव्हीकडे करून.

उघड्या भट्टीकडे पाहावं तसे ते डोळे बारीक करून पाहत होते. तीच आग परत परत दाखवत होते. धूर वर जायचा, चित्र तुटायचं, परत खालून धूर.

"कावून बसले?" काकूंनी विचारलं.

"तू एकटी पाहून राहिली म्हणून."

काकू पडद्याकडेच पाहत राहिल्या.

"मले भेव वाटते याचं," काका म्हणाले. डोळे पडद्यावरच होते. "लढाईचं नाही. याचं. हे लागलं का मी मानूस राहत नाही. त्या दिवशी नव्हतो राहिलो."

त्यांचा डावा हात फरशीवर मागे-पुढे होऊ लागला होता. काकूंनी तो पाहिला. बराच वेळ नुसता पाहिला. मग आपला हात त्यावर ठेवून दाबून धरला. उजव्या हाताने काका तांदूळ गोळा करू लागले, पडद्यावरची नजर न काढता, जवळचे आधी, मग लांबचे. मीही खाली बसले आणि माझ्या बाजूचे गोळा करू लागले. असे आम्ही तिघं किती वेळ बसलो कोण जाणे. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. निवेदक बदलला, आग तीच होती. नवीन काहीच कुणी सांगत नव्हतं.

शेवटी काकूच मला म्हणाल्या, "बंद कर. यात माहा पोरगा नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. काकू आंघोळीला गेल्या होत्या आणि मी पाणी भरायला खाली आले होते. खिडकीतला फोन वाजला. काका अंगणात होते. ते उठून आत आले, पण फोनपुढे तसेच उभे राहिले, हात वर घेतलेला. तो उचलायचा कसा हेच त्यांना माहीत नव्हतं. मी बादली टाकून धावले, हिरवं बटण दाबलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. घाईत माझ्याकडून स्पीकर चालू झाला होता.

"आई?"

काकांनी फोन तोंडाजवळ नेला. पलीकडे खरखर चालू होती.

"आई, ऐकू येऊन राहिलं का?"

"आई न्हाणीत हाय," काका म्हणाले. "मी हाओ."

मग खरखरही थांबली. मला वाटलं लाइन तुटली.

"बाबा, मी बरा आहो," आवाज आला. "ती आग दुसरीकडे होती. आमाले सगळ्यायले एका शाळेत आणून ठेवलं आहे. नेट बंद होतं म्हणून फोन लागला नाही."

"जेवला?"

"हो."

"दिवसभर काय करून राहिले तिथं?"

"काय करन? पत्ते खेळून राहिलो."

"रमी?"

"हो."

"जिंकून राहिला का?"

"नाही. हारूनच राहिलो."

काका हसले. एवढंसंच, नाकातून. ओट्याला धरून ते हळूहळू खाली बसले, फोन दोन्ही हातांत तोंडापुढे धरून.

"बाबा, आईले सांगा, टीव्ही पाहू नको म्हणा. तिथं पाहून तिचा जीव अर्धा होते. इथं आमाले एवढं भेव नाही."

"ती पाहते तर मी बसतो तिच्यासंग."

पलीकडे परत खरखर. "तुम्ही पायला? टीव्ही?"

"पायला."

तेवढ्यात काकू ओल्या केसांनी धावत आल्या आणि त्यांनी फोन ओढून घेतला. काका तिथेच ओट्याखाली बसून राहिले. या खेपेला ते अंगणात गेले नाहीत.

विमानं सुरू झाल्यावर प्रशांत मुंबईला उतरला आणि तिथून रेल्वेने शेजारच्या दुर्गला यायला निघाला. आम्ही तिघं ऑटोने स्टेशनवर गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. गाडी लागली तशा काकू डब्यांच्या बाजूने धावत सुटल्या. प्रशांत दिसला. व्हिडिओत दिसायचा त्यापेक्षा वाळलेला, काळवंडलेला. काकूंनी त्याला कवटाळलं, चेहरा चाचपला, खांदे चाचपले आणि रडायला लागल्या. काका मागेच, एका खांबाशी उभे होते.

प्रशांत आईला बाजूला करून त्यांच्यापाशी आला. पाया पडायला वाकला.

"राहू दे," काका म्हणाले. "उभा राहा."

तो उभा राहिला. उंचीला बापाएवढाच होता. माणसं सामान घेऊन त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

"त्या दिवशी मी तुले मारलं," काका म्हणाले.

"हो."

"लागलं होतं का?"

प्रशांतने एकदा आईकडे पाहिलं. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या बाबा, जुनी गोष्ट आहे. पण तो तसं म्हणाला नाही.

"लागलं होतं, बाबा."

"लागलंच असन," काका म्हणाले. प्रशांतने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. फलाट रिकामा होत चालला होता, हमालही जिना चढून गेले, तरी ते दोघे खांबापाशी तसेच उभे होते. काकू त्यांच्याकडे निघाल्या, तशी मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी बाहेर आलो आणि ऑटोवाल्याला म्हणालो, थोडा वेळ लागेल, थांब.